स्वामीजींचा धडा आणि विद्यापीठांचे मौन

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० साली जाहीर झाले आणि महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून पदवीच्या वर्गांना लागू झाले. श्रेयांक, विषयांची निवड, चौथे वर्ष या साऱ्यांविषयी परिपत्रकांमागून परिपत्रके निघाली. कुलगुरू व प्राध्यापकांच्या नियुक्त्यांविषयी विद्यापीठ अनुदान आयोगाने जानेवारी २०२५ मध्ये प्रसृत केलेल्या मसुद्याने केंद्र व राज्ये यांच्यात नवा वाद निर्माण केला. दिल्लीचे धोरण स्थिर होईपर्यंत विद्यापीठांनी स्वस्थ बसावे काय? जळकोटची महाविद्यालये ज्या विद्यापीठाच्या कक्षेत येतात, त्याला ज्यांचे नाव दिले आहे, त्या स्वामी रामानंद तीर्थांचे चरित्र या बाबतीत उद्‌बोधक आहे.

व्यंकटेश भगवानराव खेडगीकर यांचा जन्म ३ ऑक्टोबर १९०३ रोजी विजापूर जिल्ह्यातील सिंदगी येथे झाला. असहकाराच्या हाकेला प्रतिसाद देऊन त्यांनी सरकारी शाळा सोडली आणि पुढे सरकारी व्यवस्थेबाहेर उभ्या राहिलेल्या टिळक महाराष्ट्र विद्यापीठात शिक्षण घेतले. १९२९ मध्ये ते हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आले. तेथेच १९३२ मध्ये त्यांनी संन्यास घेतला, तथापि वर्ग सोडला नाही. १९३५ पासून त्यांनी अंबाजोगाईच्या शाळेची धुरा वाहिली.

निजामी राज्यात उच्च शिक्षण उर्दूतून होते आणि खासगी शाळांना सरकारी परवानगीचे बंधन होते. जळकोटच्या परिसरातील मराठी मुलाला पदवीपूर्वी परकी भाषा ओलांडावी लागे. १९३८ मध्ये वंदे मातरम् म्हणणाऱ्या विद्यार्थ्यांना उस्मानिया विद्यापीठाने काढून टाकले, तेव्हा नागपूर विद्यापीठाने त्यांना आपल्याकडे प्रवेश दिला. एकाने सत्तेची मर्जी राखली, दुसऱ्याने विद्यार्थ्यांचे वर्ष राखले. त्याच वर्षी मुख्याध्यापकाची खुर्ची सोडून स्वामीजी सत्याग्रहात उतरले व तुरुंगात गेले.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद मुक्त झाले. तथापि अनिश्चितता संपली नाही. उस्मानियातील उर्दू माध्यम गेले. हैदराबाद राज्याचे पुढे काय होणार, हे कोणालाच सांगता येत नव्हते. अशा संधिकाळात, १९५० मध्ये, स्वामीजींच्या पुढाकाराने नांदेडला पीपल्स कॉलेज सुरू झाले. १९५६ मध्ये राज्य पुनर्रचना झाली आणि तोवर बीदर जिल्ह्यात असलेला जळकोटचा परिसर उस्मानाबाद जिल्ह्यात आला. १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले, तर १९९४ मध्ये नांदेडचे स्वतंत्र विद्यापीठ. महाविद्यालयाच्या संलग्नतेचे पत्ते असे बदलत गेले. गरिबाच्या मुलाला घराजवळ उच्च शिक्षण मिळावे हा हेतू बदलला नाही. नरहर कुरुंदकरांसारखा शिक्षक त्याच वास्तूत घडला व नांदला. स्वामीजी २२ जानेवारी १९७२ रोजी निवर्तले.

सरकारी अनुदानावर चालणाऱ्या आजच्या विद्यापीठाला हिप्परग्याच्या शाळेचा बाणा जसाच्या तसा पेलणार नाही, हे मान्य केले पाहिजे. परंतु बंड आणि मौन यांच्या दरम्यान बरेच काही करता येते. अभ्यास मंडळांना व विद्या परिषदेला मसुद्यावर लेखी मत देता येते. प्रवेशापूर्वी काय निश्चित आहे आणि काय नाही, हे विद्यार्थ्यांना स्पष्ट सांगता येते. एकदा प्रवेश दिलेल्या तुकडीची चौकट मध्येच मोडणार नाही, असा आग्रह शासनाकडे धरता येतो. अध्यादेशाचा अर्थ लावण्यात सत्र निघून गेले, तर त्याची किंमत मंत्रालय देत नाही, जळकोटहून एस.टी.ने कॉलेजला जाणारी मुलगी देते. स्वामीजींनी राज्याचा नकाशा निश्चित होण्याची वाट पाहिली असती, तर नांदेडचे महाविद्यालय १९५० मध्ये उघडलेच नसते.