बडोद्याच्या गवयाची लेक : नूर इनायत खान

आपण नोएडातली मराठी मंडळी सुट्टीत गावाकडे निघतो, तेव्हा बऱ्याच जणांची गाडी हजरत निजामुद्दीन स्टेशनवरून सुटते. त्या स्टेशनपासून जवळच, निजामुद्दीन वस्तीत, हजरत इनायत खान यांचा दर्गा आहे. हे इनायत खान मूळचे सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्याचे. त्यांची थोरली मुलगी नूर दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांची गुप्तहेर होती आणि जर्मनांनी तिला गोळी घालून मारले. तिला नेमके कुठे मारले, हे कळायलाच युद्धानंतर दोन वर्षे गेली. आपल्याकडे तिची माहिती फार थोड्यांना आहे, म्हणून या वर्षीच्या स्मरणिकेसाठी हा विषय निवडला.

नूरचे पणजोबा मौलाबख्श हे बडोदा दरबारचे नामवंत गायक. १८८६ मध्ये तिथे सुरू झालेली गायनशाळा त्यांनीच उभी केली. त्यांच्या पत्नी टिपू सुलतानच्या वंशातल्या. इनायत खान १९१० मध्ये संगीत आणि सूफी विचार घेऊन परदेशी गेले, तिथे त्यांनी एका अमेरिकन तरुणीशी लग्न केले. नूरचा जन्म १९१४ च्या जानेवारीत मॉस्कोत झाला. पुढे हे कुटुंब पॅरिसजवळ सुरेन या गावी स्थायिक झाले. १९२७ मध्ये इनायत खान दिल्लीत वारले. आई दुःखाने खचली आणि तेरा वर्षांच्या नूरवर तीन धाकट्या भावंडांची जबाबदारी पडली.

ती वीणा आणि हार्प वाजवायची, मुलांसाठी गोष्टी लिहायची. बुद्धाच्या जातककथांचे तिचे इंग्रजी पुस्तक १९३९ मध्ये लंडनला निघाले. १९४० च्या जूनमध्ये फ्रान्स पडला आणि हे कुटुंब इंग्लंडला गेले. अहिंसेच्या संस्कारात वाढलेल्या नूरने आणि तिचा भाऊ विलायतने मग या युद्धात उतरायचे ठरवले. त्याच वर्षी ती वायुदलाच्या महिला शाखेत दाखल होऊन वायरलेस शिकली. युद्ध संपल्यावर आपण हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याच्या बाजूने उभ्या राहू, असे तिने मुलाखतीत इंग्रज अधिकाऱ्यांना तोंडावर सांगितल्याचे तिच्या चरित्रात नमूद आहे.

फ्रेंच उत्तम येत असल्यामुळे १९४३ च्या सुरुवातीला तिला स्पेशल ऑपरेशन्स एक्झिक्युटिव्ह या गुप्त संघटनेत घेतले. काही प्रशिक्षकांनी ती हळवी आहे, या कामाची नाही, असा शेरा मारला होता. तरीही १६ जूनच्या रात्री एका छोट्या विमानाने तिला फ्रान्समध्ये उतरवले. इंग्लंडने जर्मनव्याप्त फ्रान्समध्ये पाठवलेली ती पहिली महिला वायरलेस ऑपरेटर. टोपणनाव मादलेन.

मी रेल्वेत सिग्नल आणि दूरसंचार विभागात डिप्लोमा इंजिनिअर आहे, म्हणून तिच्या कामाचा धोका थोडा समजावून सांगतो. संच सूटकेसमध्ये मावणारा, पण वजन पंधरा किलोच्या आसपास. एरियल म्हणजे वीसेक मीटर लांब तार, ती झाडावर किंवा खिडकीबाहेर टाकायची. संदेश सुरू झाला की दिशा शोधणाऱ्या जर्मन गाड्या निघायच्या. दोन-तीन ठिकाणांहून दिशा घेतली, की त्या रेषा जिथे मिळतात तिथे संच. त्यामुळे एका जागी वीस मिनिटांपेक्षा जास्त बसणे म्हणजे स्वतःहून पकडले जाणे. अशा ऑपरेटरचे आयुष्य जेमतेम दीड महिना धरले जाई.

ती पोहोचली आणि आठवडाभरात धरपकड सुरू झाली. तिच्या गटाचा प्रमुख फ्रान्सिस सटिल आणि एकेक करून बाकीचे पकडले गेले. लंडनने तिला परत बोलावले. पॅरिसमधून लंडनशी बोलणारे दुसरे कोणी उरले नव्हते, म्हणून तिने नकार दिला. जागा बदलत, केस रंगवत ती जवळजवळ चार महिने टिकली.

ऑक्टोबरच्या मध्याला फितुरीने घात केला. लाख फ्रँकांसाठी तिचा पत्ता विकल्याचा आरोप ज्या बाईवर होता, ती १९४९ मध्ये फ्रेंच लष्करी न्यायालयात एका मताने सुटली.

नूरच्या खोलीत जर्मनांना एक वही सापडली. तिने पाठवलेले सगळे संदेश तिने उतरवून ठेवले होते. फाइल करणे या शब्दाचा वायरलेसमधला अर्थ संदेश पाठवणे असा आहे, तिने तो कागद जपून ठेवणे असा घेतला असावा, असा अभ्यासकांचा तर्क आहे. त्या वहीच्या आधारे जर्मन तिच्या नावाने लंडनशी बोलू लागले आणि लंडन फसले. फेब्रुवारी १९४४ मध्ये पॅराशूटने उतरलेले हेर थेट जर्मनांच्या हाती पडले. त्यांत मादलेन दामेरमाँ नावाची तरुणी होती.

नूरने मात्र चौकशीत काही सांगितले नाही. पहिल्याच दिवशी ती न्हाणीघराच्या खिडकीतून निसटू पाहत होती. नोव्हेंबरमध्ये दोन कैद्यांबरोबर छतावरून निघाली, पण नेमका हवाई हल्ल्याचा भोंगा झाला, मोजदाद झाली आणि तिघे सापडले. पुन्हा पळणार नाही असे लिहून द्यायला तिने नकार दिला. मग जर्मनीतल्या फोर्त्सहाइमच्या तुरुंगात दहा महिने साखळदंडात एकटी. सप्टेंबर १९४४ मध्ये तिला आणि आणखी तिघींना साध्या प्रवासी गाडीने डाखाऊला नेले. १३ सप्टेंबरच्या सकाळी चौघींना ठार केले. आरोपपत्र नाही, खटला नाही, म्हणून याला खूनच म्हणायला हवे. त्या तिघींत मादलेन दामेरमाँही होती.

युद्धानंतर संघटनेच्या अधिकारी व्हेरा अ‍ॅटकिन्स जर्मनीत बेपत्ता हेरांचा शोध घेत फिरल्या. नात्सवायलर छावणीत ६ जुलै १९४४ रोजी चार स्त्रियांना मारले होते. त्यांतली चौथी नूरच, असा निष्कर्ष १९४६ मध्ये निघाला. पण फोर्त्सहाइमहून सुटलेल्या एका फ्रेंच कैदी बाईची साक्ष निराळी होती. नूरने जेवणाच्या भांड्याच्या बुडाला आपले नाव आणि लंडनचा पत्ता कोरला होता, आणि ते त्या वर्षी जुलैनंतरही तिथे जिवंत असलेल्या नूरने केले होते. १९४७ मध्ये चूक दुरुस्त झाली. नात्सवायलरची ती चौथी स्त्री म्हणजे सोनिया ओल्शानेत्स्की. तिला फ्रान्समध्येच भरती केले होते, त्यामुळे लंडनच्या यादीत ती नव्हती. तिचे नाव जगापुढे यायला १९५८ साल उजाडले.

नूरला १९४९ मध्ये मरणोत्तर जॉर्ज क्रॉस मिळाला. २०१२ मध्ये लंडनच्या गॉर्डन स्क्वेअरमध्ये तिचा अर्धपुतळा बसला. ती इंग्रजांसाठी लढली म्हणून आपल्या इतिहासात तिला जागा नाही, असे काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. ज्या राज्यात माणसाला नावगाव पुसून मारले जाते, त्या राज्याविरुद्ध ती लढली, आणि आपल्या देशाचे स्वातंत्र्यही तिने लपवून मागितले नाही. तिच्या हातून चूक झाली, तिची किंमत इतरांनी मोजली, हेही खरे. पण पळून जायची संधी असताना ती जागेवर राहिली, हे मला जास्त मोठे वाटते.

नूरला, तिच्यासोबत गेलेल्या तिघींना आणि नाव हरवलेल्या सोनियाला विनम्र अभिवादन.