ब्लॅकेट आणि दख्खनचा काळा पाषाण

उमरग्याच्या शिवारात विहीर खणताना सुरुंगाने फोडावा लागणारा काळा पाषाण मुळात कोणत्या अक्षांशावर थिजला, हा प्रश्न कुणालाही निरर्थक वाटेल. दख्खनच्या या पाषाणाला तो विचारता आला, याचे श्रेय बव्हंशी पॅट्रिक ब्लॅकेट या इंग्रज शास्त्रज्ञाच्या एका फसलेल्या प्रयोगाकडे जाते.

१८९७ साली लंडनमध्ये जन्मलेले ब्लॅकेट तरुणपणी नौदलात होते. १९१६ च्या जटलंडच्या लढाईत त्यांनी भाग घेतला. पुढे केंब्रिजला रदरफर्ड यांच्या हाताखाली ते पदार्थविज्ञानाकडे वळले आणि १९४८ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. आदल्याच वर्षी त्यांनी एक धाडसी कल्पना मांडली होती : पृथ्वीसारखी प्रचंड वस्तू केवळ स्वतःभोवती फिरते म्हणूनच चुंबक बनते. तिच्या पडताळणीसाठी सुमारे १५ किलो सोन्याचा दंडगोल उसना आणण्यात आला. लोखंड वर्ज्य करून बांधलेल्या लाकडी झोपडीत, नाजूक धाग्यावर परस्परविरुद्ध दिशांनी टांगलेल्या चिमुकल्या चुंबकांचे मापकयंत्र उभे राहिले. सोन्याने काहीच दाखविले नाही. ब्लॅकेट यांनी १९५२ साली ते अपयश सविस्तर छापून टाकले. जमाखर्चाच्या वहीत ही रक्कम बुडीत खातीच गेली असती.

यंत्र मात्र हाती उरले. लाव्हा थंड होताना त्यातील लोहखनिजाचे कण त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राची दिशा धरून ठेवतात. हे क्षेत्र विषुववृत्तावर आडवे असते आणि ध्रुवाकडे जावे तसतसे अधिक तिरपे होते. म्हणजे त्या कलावरून जन्मस्थळाचा अक्षांश काढता येतो. ब्लॅकेट यांच्या गटातील क्लेग व त्यांच्या सहकाऱ्यांनी दख्खनचे पाषाण तपासले आणि १९५६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला : हा लाव्हा विषुववृत्ताच्या पुष्कळ दक्षिणेस थिजला होता. भूखंडे सरकतात हे वेगेनर यांचे १९१२ पासून हेटाळले गेलेले मत असे आपल्या पायाखालच्या दगडाने उचलून धरले. १९५८ साली राजमहालच्या खडकांवरील निबंधात क्लेग यांच्यासह मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील राधाकृष्णमूर्ती आणि सहस्रबुद्धे ही नावे झळकली.

स्वतंत्र भारताच्या संरक्षणाविषयी नेहरूंना सल्ला देताना ऐपतीबाहेरच्या शस्त्रखर्चाला विरोध करणारे ब्लॅकेट उधळे नव्हते, हेही ध्यानात घ्यावे.

१९७४ साली ते निवर्तले. आता द्रवरूप हेलियमने थंड ठेवलेले अतिसंवाहक संवेदक दगडाच्या पातळ कापावरून फिरवून त्यातील क्षीण चुंबकत्वाचा नकाशा काढला जातो. मंगळावरून आलेली एक उल्काही त्याखालून गेली आहे. आणि १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला घेतलेल्या खोल छिद्रात आपला हा काळा पाषाण ३३८ मीटर जाडीचा भरला.