दोन साचे, तीन साचे आणि ना. म. जोशी

पूर्व दिल्लीतील मयूर विहार येथून शेजारच्या नोएडातील कारखान्यांत आणि कार्यालयांत रोज हजारो लोक कामाला जातात. वेळेचा, साहित्याचा आणि हालचालींचा अपव्यय टाळून कमी मनुष्यबळात अधिक उत्पादन घेण्याच्या पद्धतीला तेथे ‘लीन मॅनेजमेंट’ म्हणतात. जपानी मोटार उद्योगातून ती जगभर पसरली. मात्र वाचलेला वेळ कामगाराच्या वाट्याला विश्रांती म्हणून येतो की वाढीव काम म्हणून, हा वाद जुना आहे. यमुनेच्या पलीकडे, दिल्लीतल्याच मध्यवर्ती विधिमंडळात सुमारे पाव शतक कामगारांची बाजू मांडणारे नारायण मल्हार जोशी यांना या वादाला तोंड द्यावे लागले ते मुंबईच्या गिरणगावात.

जोशी यांचा जन्म ५ जून १८७९ रोजी तत्कालीन कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील गोरेगाव येथे झाला. पुण्यात शिक्षण घेतल्यावर काही वर्षे त्यांनी शिक्षकाची नोकरी केली. १९०९ मध्ये ते गोपाळ कृष्ण गोखले यांच्या भारत सेवक समाजात दाखल झाले आणि १९११ मध्ये त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीगची स्थापना केली. रात्रशाळा आणि वाचनालयांच्या निमित्ताने चाळींत वावरताना गिरणी कामगाराचे जगणे त्यांनी जवळून पाहिले. १९१९ मध्ये वॉशिंग्टन येथे भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेत ते भारतीय कामगारांचे प्रतिनिधी होते. पुढच्याच वर्षी आयटक, म्हणजे अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस, स्थापन करणाऱ्यांत त्यांचा समावेश होता.

१९२१ पासून ते मध्यवर्ती विधिमंडळाचे सरकारनियुक्त सदस्य होते. सरकारने नेमलेला सदस्य सरकारलाच अडचणीचे प्रश्न विचारतो, हे दृश्य तेथे वारंवार दिसे. कामगार संघटनांना कायद्याचे संरक्षण मिळावे असा ठराव त्यांनी १९२१ मध्ये मांडला. तो कायदा १९२६ मध्ये झाला. १९२४ मध्ये त्यांनी स्त्री कामगारांसाठी प्रसूती-साहाय्याचे विधेयक आणले, पण ते संमत झाले नाही.

पहिल्या महायुद्धानंतरची तेजी ओसरली आणि जपानी कापडाची स्पर्धा वाढली, तेव्हा मुंबईच्या गिरणीमालकांनी खर्चकपातीचा मार्ग धरला. १९२७-२८ मध्ये ससून समूहाच्या गिरण्यांत ‘कार्यक्षमता पद्धत’ आली. दोन साचे, म्हणजे माग, सांभाळणाऱ्या विणकराकडे तीन साचे आले आणि सूतकताई खात्यात एका बाजूऐवजी दोन बाजू पाहणे आले. कागदावर हिशेब सरळ होता. प्रत्यक्षात हलक्या प्रतीचा कापूस वापरला की सूत वारंवार तुटते आणि प्रत्येक तुटलेला धागा जोडायला माणूसच धावतो. दमट, तंतूंनी भरलेल्या हवेत दहा तास उभे राहणाऱ्यावर हा भार पडणार होता. शिवाय तिघांचे काम दोघांत भागले की तिसऱ्याची नोकरी जाणार, हे कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

एप्रिल १९२८ मध्ये सार्वत्रिक संप सुरू झाला. सुमारे दीड लाख कामगार जवळपास सहा महिने गिरण्यांबाहेर राहिले. जोशी हे नेमस्त वृत्तीचे; संप हे त्यांच्या दृष्टीने अखेरचे साधन. तरीही श्रीपाद अमृत डांगे आदी कम्युनिस्ट नेत्यांबरोबर ते संयुक्त संप समितीत बसले. ऑक्टोबरमध्ये संप मिटला आणि वादाचे मुद्दे न्यायमूर्ती फॉसेट यांच्या चौकशी समितीकडे गेले.

या लढ्याची किंमत जोशी यांना वेगळ्या प्रकारे मोजावी लागली. पुराव्यानिशी वाटाघाटी करणारी त्यांची बॉम्बे टेक्स्टाइल लेबर युनियन मागे पडली आणि संपातून उभ्या राहिलेल्या गिरणी कामगार युनियनकडे कामगारांचा ओघ गेला. उपाशीपोटी सहा महिने काढलेल्या माणसाला समित्यांचा संथपणा मानवत नसेल, तर त्यात नवल नाही. १९२९ च्या नागपूर अधिवेशनात आयटक फुटली आणि जोशी बाहेर पडले. कामगारविषयक शाही आयोगावर बहिष्कार घालावा की नाही, हे फुटीचे एक कारण होते. जोशी त्या आयोगाचे सदस्य होते. आठवड्याला ६० तासांची मर्यादा ५४ वर आणावी, ही आयोगाची शिफारस १९३४ च्या कारखाना कायद्यात उतरली. १९४६ मध्ये ही मर्यादा ४८ तासांची झाली. प्रत्येक टप्प्याला काही वर्षे लागली. पण गिरणीतून संध्याकाळी लवकर सुटलेल्या माणसाला त्या तासांचा अर्थ ठाऊक होता.

फुटलेले गट पुढे पुन्हा एकत्र आले आणि १९४० ते १९४८ या काळात जोशी पुन्हा आयटकचे सरचिटणीस होते. ३० मे १९५५ रोजी त्यांचे निधन झाले. लोअर परळ भागातील डिलाईल रोडला आज त्यांचे नाव आहे. ज्या गिरण्यांसाठी तो रस्ता ओळखला जाई, त्या बंद पडल्या असून त्यांच्या जागी आता कार्यालयांच्या इमारती उभ्या आहेत.