पेशी वाढवणाऱ्या बाई : डॉ. कमल रणदिवे

मी परभणी-जिंतूर रस्त्यावरच्या झरीचा. मागच्या दिवाळीत आमचे काका लिव्हरच्या कॅन्सरने गेले. माणूस माळकरी, दारूला कधी शिवला नाही. मग हे झालंच कसं? हा प्रश्न घेऊन मी होस्टेलला आलो आणि लायब्ररीत शोधता शोधता या बाई भेटल्या.

कमल समर्थ यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ चा, पुण्यातला. वडील फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे. मुलीने डॉक्टर व्हावं ही त्यांची इच्छा. तिला मात्र जीवशास्त्रच हवं होतं. म्हणजे ब्रँच कुणी ठरवायची, हा वाद तेव्हाही होता तर! १९३९ मध्ये गणितज्ञ रणदिवे यांच्याशी लग्न झालं, तरी शिक्षण थांबलं नाही. सीताफळाच्या कुळातल्या वनस्पतींच्या पेशींवर एम.एस्सी. केलं. पुढे मुंबईला टाटा हॉस्पिटलच्या डॉ. खानोलकरांच्या हाताखाली १९४९ मध्ये पीएच.डी.

नंतर त्या अमेरिकेत जॉर्ज गाय यांच्याकडे गेल्या. माणसाच्या कॅन्सरच्या पेशी शरीराबाहेर सतत वाढत्या ठेवणं १९५१ मध्ये गाय यांच्याच लॅबला प्रथम जमलं होतं. ती विद्या घेऊन बाई परत आल्या आणि मुंबईच्या कॅन्सर संशोधन केंद्रात देशातली पहिली टिश्यू कल्चर लॅब उभी केली. उंदरांवर काम करून त्यांनी स्तनाचा कॅन्सर, आनुवंशिकता, हार्मोन्स आणि विषाणू यांचा संबंध तपासला. १९८२ मध्ये पद्मभूषण मिळालं.

याचा काकांशी काय संबंध? आहे. आपल्या भाषेत सांगायचं तर जीन्स म्हणजे वायरिंग. पण कुठला दिवा चालू, कुठला बंद, हे स्विच ठरवतात. कॅन्सरला आवर घालणाऱ्या जीनवर मिथाइलचे कण चिकटले की वायरिंग शाबूत असूनही दिवा बंद. एपिजेनेटिक औषधं हा स्विच पुन्हा चालू करायला बघतात. त्यातलं अ‍ॅझासायटिडिन १९६४ मध्ये तयार झालं आणि २००४ मध्ये अमेरिकेत अस्थिमज्जेच्या एका आजारासाठी मंजूर झालं. मध्ये चाळीस वर्षं गेली! लिव्हरच्या कॅन्सरवर अशा औषधांच्या चाचण्या चालू आहेत, पण नेहमीच्या उपचारात ती अजून आलेली नाहीत. ही औषधं आधी तपासली जातात ती लॅबमध्ये वाढवलेल्या पेशींवरच. बाईंनी आपल्या देशात रुजवलं ते हेच.

आणि दारूशिवायही लिव्हरचा कॅन्सर होतो. हेपॅटायटिस बी आणि सी हे विषाणू, तसंच बुरशी लागलेल्या शेंगदाण्यातलं आणि मक्यातलं अफ्लाटॉक्सिन हीसुद्धा त्याची कारणं. काकांचं नेमकं कारण आता कळणार नाही.

उतारवयात रणदिवे बाई नगर जिल्ह्यातल्या आदिवासी मुलांच्या पोषणाचा अभ्यास करायला गावोगाव फिरल्या. २००१ मध्ये त्या गेल्या. हे वाचल्यावर मी ठरवलं, औषध येईल तेव्हा येईल; या सुट्टीत झरीला गेलो की घरातल्या सगळ्यांची हेपॅटायटिसची तपासणी करायची, बीची लस द्यायची आणि कोठीतल्या ओल धरलेल्या शेंगा आधी बाहेर काढायच्या. तुम्हीही घरी विचारून बघा.