सर्व्हर कनेक्ट होत नसला की ज्या नंबरांशी झटापट होते, त्यांची वही या दाढीवाल्या माणसाकडे होती

समजा, जळगावच्या दाणा बाजारात एका व्यापाऱ्याचं मुख्य दुकान आहे आणि धुळ्याच्या पाचव्या गल्लीत त्याची शाखा. बिलिंगचा सर्व्हर जळगावात. सकाळी धुळ्याचा पोरगा कॉम्प्युटर चालू करतो, सॉफ्टवेअर उघडतो आणि स्क्रीनवर मेसेज येतो, कनेक्शन टाइम्ड आउट. तो जळगावला फोन लावतो, तर तिकडून उत्तर मिळतं की इथं सगळं मस्त चालू आहे.

गंमत म्हणजे दोघंही खरंच बोलत असतात.

मग कॉम्प्युटरवाल्याला बोलावणं जातं. तो येतो आणि तीनच गोष्टी विचारतो. आयपी अ‍ॅड्रेस कोणता टाकलाय? पोर्ट कोणता? आणि फायरवॉलमध्ये तो उघडलाय का?

धुळेकरांना हे समजावायला फार वेळ लागत नाही, कारण जुन्या धुळ्याचा पत्ताच मुळी नंबरावर चालतो. गल्ली नंबर चार, गल्ली नंबर पाच. आयपी अ‍ॅड्रेस म्हणजे गल्ली आणि घर. पोर्ट म्हणजे त्या घराचा नेमका कोणता दरवाजा वाजवायचा तो नंबर. आणि फायरवॉल म्हणजे दारावरचा वॉचमन, कुणाला आत सोडायचं आणि कुणाला नाही हे ठरवणारा.

पण हे नंबर ठरवले कुणी? वेबसाइटसाठी ८०, मेलसाठी २५, एसएसएचसाठी २२, हे जगभर सारखंच कसं?

तर इंटरनेट लहान होतं तेव्हा या सगळ्या नंबरांची नोंद एक माणूस ठेवायचा. त्याचं नाव जॉन पोस्टेल.

६ ऑगस्ट १९४३ चा जन्म, अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियातला. लांब दाढी, पायात सँडल आणि सुट्टी मिळाली की पाठीवर बोजा टाकून डोंगरात भटकंती. बघणाऱ्याला वाटावं हा कुठला साधू. पण गडी लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात शिकत होता आणि तिथल्याच एका प्रयोगशाळेत काम करत होता. १९७४ साली त्याने कॉम्प्युटर सायन्समध्ये पीएचडी मिळवली.

त्याच प्रयोगशाळेतून २९ ऑक्टोबर १९६९ च्या रात्री अर्पानेटवरचा, म्हणजे इंटरनेटच्या आजोबावरचा पहिला मेसेज गेला. दुसऱ्या टोकाला शेकडो किलोमीटर लांबचं स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूट होतं. लॉगिन असा शब्द टाइप करायचा होता. पहिली दोन अक्षरं पोहोचली आणि पलीकडचा कॉम्प्युटर बंद पडला. साधारण तासाभराने जोडणी झाली.

म्हणजे सर्व्हर कनेक्ट न होण्याचा त्रास इंटरनेटच्या पहिल्या रात्रीपासूनचा आहे.

हळूहळू नेटवर्क वाढायला लागलं, तशी नवी अडचण आली. एका कॉम्प्युटरवर अनेक सेवा चालणार, मग कोणती सेवा कोणत्या नंबरावर ऐकणार? प्रत्येक विद्यापीठाने आपापले नंबर ठरवले असते, तर कुणाचंच कुणाशी जमलं नसतं. मे १९७२ मध्ये पोस्टेलने एक छोटी टिपण लिहिली. अधिकृत नंबर वाटण्याचं काम कुणातरी एकाकडे द्यावं, असं त्याने सुचवलं आणि तो माणूस मीच का, असंही कंसात हळूच विचारून टाकलं. तेव्हा तो २८ वर्षांचा होता आणि विद्यार्थीच होता.

कुणी हरकत घेतली नाही. कारण साधं होतं, हे काम कुणालाच नको होतं. कंटाळवाणं, बारीक नोंदींचं काम. पोस्टेल मात्र एका वहीत नोंदी करत राहिला. पुढे १९७७ मध्ये तो सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या इन्फर्मेशन सायन्सेस इन्स्टिट्यूटमध्ये गेला आणि शेवटपर्यंत तिथेच राहिला. त्याच्या या कामाला पुढे आयाना असं नाव पडलं. नाव भारदस्त असलं तरी तिथे प्रामुख्याने पोस्टेल आणि त्याची सहकारी जॉइस रेनॉल्ड्स हेच काम बघायचे.

फक्त नोंदीच नाही, तर इंटरनेटचे नियम ज्या टिपणांतून ठरतात त्या आरएफसी मालिकेचा संपादकही तोच होता. सप्टेंबर १९८१ मध्ये आयपी, आयसीएमपी आणि टीसीपी या तिन्हींचे नियम त्याच्या संपादनाखाली बाहेर पडले. १ जानेवारी १९८३ ला अख्खं अर्पानेट जुन्या पद्धतीवरून टीसीपी-आयपीवर गेलं, त्या बदलाचा आराखडाही त्याचाच.

आता धुळ्याच्या त्या स्क्रीनकडे परत येऊ, कारण तिथल्या मेसेजचा अर्थ याच नियमांत दडलाय.

कनेक्शन रिफ्युज्ड असं आलं, तर बहुतेक वेळा पत्ता बरोबर असतो. आपण जळगावच्या मशीनपर्यंत पोहोचलोय, पण त्या पोर्टवर कुणी ऐकत नाहीये. दार वाजवलं आणि आतून सरळ नाही म्हणून सांगितलं. टीसीपीच्या नियमाप्रमाणे असा स्पष्ट नकार पाठवायचा असतो. अशा वेळी सर्व्हरवरचं सॉफ्टवेअर बंद पडलंय का, की ते दुसऱ्याच पोर्टवर चालू आहे, हे बघायचं.

टाइम्ड आउट आलं, तर प्रकरण वेगळं आहे. इथे उत्तरच आलं नाही. एक तर पत्ता चुकलाय, नाहीतर मशीन बंद आहे, नाहीतर मध्ये फायरवॉल बसलीय आणि ती आलेला निरोप गुपचूप टाकून देतेय. जळगावात सगळं चालतंय आणि धुळ्यातूनच चालत नाही, तेव्हा फायरवॉल आणि राउटरवर पहिला संशय घ्यायचा.

आणि सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे धुळ्यात बसून १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता टाकणं. तो खासगी पत्ता, दुकानाच्या आतल्या आत चालणारा. जगात लाखो घरांत तोच नंबर आहे. बाहेरून यायचं तर राउटरचा सार्वजनिक पत्ता लागतो आणि तिथे आलेला निरोप आत कोणत्या मशीनकडे द्यायचा हे राउटरला सांगून ठेवावं लागतं. इंटरनेट कंपनीने सार्वजनिक पत्ता बदलला, तर काल चालणारं आज बंद पडतं.

हे तपासायला कॉम्प्युटरवाले आधी पिंग करतात. तो प्रोग्राम १९८३ मध्ये माइक म्यूस याने लिहिला, पण चालतो पोस्टेलने संपादित केलेल्या आयसीएमपीच्या नियमांवर. पिंगला उत्तर आलं म्हणजे मशीन जागं आहे. आलं नाही म्हणजे मशीन मेलंच असं मात्र नाही, कारण अनेक फायरवॉल पिंगही अडवतात. मग टेलनेटने पोर्ट तपासतात. त्या टेलनेटचे १९८३ चे नियमही पोस्टेल आणि रेनॉल्ड्स यांनीच लिहिलेले.

नंबर मिळवणं तेव्हा किती सोपं होतं याचा एक किस्सा आहे. १९९५ मध्ये फिनलंडच्या टाटू इलोनेन याने एसएसएच बनवलं. एफटीपीचा पोर्ट २१ आणि टेलनेटचा २३, मधला २२ मोकळा होता. त्याने जुलैमध्ये आयानाला एक साधा ईमेल टाकला. दुसऱ्या दिवशी जॉइस रेनॉल्ड्स यांचं उत्तर आलं की २२ नंबर तुमचा. ना अर्ज, ना फी, ना शिक्का. आज जगभरातले सर्व्हर याच दरवाजातून सांभाळले जातात.

देशांच्या नावाची दोन अक्षरंही आयानाच्याच नोंदीतली. १९८९ मध्ये भारताचं डॉट इन त्यात आलं आणि ते सांभाळायची जबाबदारी मुंबईत जुहूला असलेल्या एनसीएसटी या सरकारी संस्थेकडे आली. सामान्य भारतीयांना इंटरनेट मिळालं ते १५ ऑगस्ट १९९५ ला, व्हीएसएनएलकडून. म्हणजे त्याच्या सहा वर्षं आधीच आपल्या नावाची पाटी लागली होती.

पोस्टेलचं एक तत्त्व होतं. आपण पाठवताना नियम काटेकोर पाळायचे आणि दुसऱ्याकडून थोडं वाकडंतिकडं आलं तरी समजून घ्यायचं. नेटवर्क वाढलं ते या समजूतदारपणावर. पण जग तेवढं समजूतदार राहिलं नाही. नोव्हेंबर १९८८ मध्ये मॉरिस वर्म नावाच्या प्रोग्रामने उघड्या दारांतून घुसून हजारो मशीन ठप्प केली. मेलचा पोर्ट २५ हे त्यातलंच एक दार. त्यानंतर दारावर वॉचमन बसवण्याची गरज सगळ्यांना पटली आणि फायरवॉल घरोघरी पोहोचली.

तोच प्रश्न पुढे पोस्टेलच्या दारातही आला. नव्वदच्या दशकात डोमेन नावांत प्रचंड पैसा दिसायला लागला. वेबसाइटच्या नावावरून पत्ता शोधायची सुरुवात जिथून होते, ते रूट सर्व्हर कुणाच्या ताब्यात असावेत यावर भांडण सुरू झालं. मुख्य यादी तेव्हा सरकारी कंत्राट असलेल्या नेटवर्क सोल्युशन्स या कंपनीकडे होती.

२८ जानेवारी १९९८ ला पोस्टेलने आठ रूट सर्व्हर चालवणाऱ्यांना एक ईमेल पाठवला. यादी आता कंपनीकडून न घेता आयानाच्या सर्व्हरवरून घ्या, एवढीच विनंती. त्या लोकांनी ती मान्य केली, कारण सांगणारा जॉन होता. इंटरनेटचा अर्धाअधिक मुख्य कारभार एका ईमेलवर हलला आणि वापरणाऱ्या कुणालाही पत्ता लागला नाही.

व्हाइट हाऊसला मात्र लागला. अमेरिकन सरकारचे सल्लागार इरा मॅगाझिनर यांनी फोनाफोनी केली. पोस्टेलने ही चाचणी असल्याचं सांगितलं आणि थोड्याच दिवसांत सगळं पूर्ववत केलं. ती खरंच चाचणी होती की सरकारला दिलेला इशारा, यावर आजही वाद आहे. पण एक गोष्ट सगळ्यांना कळली. एवढी मोठी व्यवस्था एका माणसावरच्या विश्वासावर उभी होती आणि आता ते पुरेसं नव्हतं.

मग आयकॅन ही संस्था ३० सप्टेंबर १९९८ ला स्थापन झाली. आयानाचं काम तिच्याकडे जायचं होतं. त्यासाठी पोस्टेल स्वतः खपला होता. पण हृदयाच्या झडपेच्या शस्त्रक्रियेनंतर गुंतागुंत झाली आणि १६ ऑक्टोबर १९९८ ला, वयाच्या ५५ व्या वर्षी तो गेला. मित्र व्हिंट सर्फ यांनी त्याला श्रद्धांजली लिहिली, ती त्याच आरएफसी मालिकेत, २४६८ या क्रमांकाने छापली गेली. आयुष्यभर दुसऱ्यांना नंबर देणाऱ्या माणसाला शेवटी असा नंबर मिळाला.

इकडे धुळ्यात बिलिंग अजून अडकलेलंच असतं. बरेच जण अशा वेळी वैतागून फायरवॉलच बंद करून टाकतात. काम लगेच सुरू होतं, पण सगळी दारं सताड उघडी राहतात आणि मॉरिसचे वारसदार फिरतच असतात. त्यापेक्षा पत्ता तपासायचा, मग पोर्ट, मग फायरवॉलमध्ये तेवढाच एक पोर्ट, आणि तोही शक्यतो धुळ्याच्याच पत्त्यासाठी उघडायचा. दहा मिनिटं जास्त लागतात. पण बिल निघतं आणि जळगावचं दुकानही सुरक्षित राहतं.