हाल्डेन, हिवताप आणि १४ दिवसांची गोळी

व्हायवॅक्स प्रकारच्या हिवतापात ताप उतरल्यावरही रुग्णाला १४ दिवस एक गोळी घ्यावी लागते. तिचे नाव प्रायमाक्विन. हा परोपजीवी रक्तातून नाहीसा झाला तरी यकृतात दडून बसतो आणि काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी, पुन्हा थंडीताप आणतो. त्या दडलेल्याला गाठणारी ही गोळी. बहुतेकांना ती सोसते. काहींना मात्र दोन-चार दिवसांत लघवी कोऱ्या चहासारखी गडद होते, डोळे पिवळे दिसू लागतात, चार पावले चालले की धाप लागते. रक्तातल्या तांबड्या पेशी फुटू लागलेल्या असतात. हे कोणाला होते आणि का, याचा शोध घेत मागे गेले की एका अशा माणसाशी येऊन थांबावे लागते, ज्याने ही गोळी ना बनवली ना कोणाला दिली. जे. बी. एस. हाल्डेन हे त्याचे नाव, आणि मृत्यूसमयी तो भारतीय नागरिक होता.

हाल्डेन यांचा जन्म ५ नोव्हेंबर १८९२ चा, ऑक्सफर्डचा. वडील जॉन स्कॉट हाल्डेन नामवंत शरीरक्रियाशास्त्रज्ञ. खाणीतल्या विषारी वायूंचा अभ्यास करताना ते स्वतःच ते वायू हुंगून पाहत. लहानग्या मुलालाही ते खाणीत घेऊन जात. एकदा त्यांनी त्याला उभे राहून शेक्सपिअरच्या नाटकातले भाषण म्हणायला लावले. खाणीतला ज्वालाग्राही वायू हलका, छताकडे साठणारा. भाषण अर्ध्यावर असतानाच मुलाला घेरी आली आणि तो खाली कोसळला. जमिनीलगतची हवा चांगली असल्याने तिथे त्याला पुन्हा शुद्ध आली. आजच्या पालकांना हे ऐकून घाम फुटेल. पण स्वतःच्या शरीरावर प्रयोग करायची खोड हाल्डेन यांना लागली ती इथेच. पुढे रक्तातील आम्लाचे गणित समजावे म्हणून त्यांनी अमोनियम क्लोराइड पिऊन पाहिले आणि कित्येक दिवस धापा टाकत काढले. दुसऱ्या महायुद्धात पाणबुडीतील माणसांसाठी दाबाच्या टाकीत बसून प्रयोग केले, त्यात झटके येऊन पाठीच्या मणक्याला कायमची इजा झाली.

गंमत म्हणजे त्यांच्याकडे विज्ञानाची पदवी नव्हती. ऑक्सफर्डला गणित आणि ग्रीक-लॅटिन शिकले, तेवढ्यात पहिले महायुद्ध आले. मेसोपोटेमियाच्या आघाडीवर जखमी झाल्यावर त्यांना भारतात आणण्यात आले. हा देश त्यांना आवडला, पण गोऱ्या अधिकाऱ्याला इथल्या माणसांत बरोबरीने मिसळता येत नाही हे त्यांना टोचले. परत यायचे ते बरोबरीने वागता येईल तेव्हाच, असे त्यांनी ठरवले. यायला चाळीस वर्षे लागली.

मधल्या काळात केंब्रिजला त्यांनी एन्झाइमवर काम केले. १९२५ साली जी. ई. ब्रिग्ज यांच्यासह त्यांनी एन्झाइमचा वेग मोजण्याच्या समीकरणाची जी मांडणी केली, ती आजही औषधशास्त्राच्या विद्यार्थ्याला पाठ करावी लागते. यकृतातले एन्झाइम औषध किती वेगाने मोडते याचा हिशेब त्याच मांडणीवर चालतो. त्याच वर्षांत त्यांनी नैसर्गिक निवडीचे गणितही बांधले. एन्झाइम आणि उत्क्रांती, दोन्ही एकाच डोक्यात होते, हे पुढच्या गोष्टीसाठी महत्त्वाचे.

१९४८ मध्ये स्टॉकहोमला आनुवंशशास्त्राची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. थॅलसेमिया हा रक्ताचा जीवघेणा आजार इटली, ग्रीस या भागात इतका का आढळतो, हा त्या वेळचा पेच होता. आई आणि वडील दोघांकडून सदोष जनुक मिळालेली मुले लहानपणीच दगावत. म्हणजे हे जनुक पिढ्यान्‌पिढ्या कमी होत जायला हवे. ते टिकते कसे? तिथे नवे उत्परिवर्तन फार वेगाने होत असावे, असे काही शास्त्रज्ञांचे म्हणणे होते. हाल्डेन यांना ते पटेना. इतका वेग त्यांच्या हिशेबात बसत नव्हता. त्यांनी उलट विचार केला. एकाच पालकाकडून हे जनुक मिळालेल्यांना, म्हणजे वाहकांना, त्याचा काही फायदा होत असेल तर? आणि थॅलसेमिया जिथे जास्त तिथे हिवताप असे. वाहकांच्या तांबड्या पेशी लहान असतात, त्या हिवतापाला दाद देत नसतील, असा त्यांचा तर्क होता. हा निबंध १९४९ साली छापला गेला. त्याच वर्षी दुसऱ्या एका लेखात त्यांनी ही कल्पना आणखी रुंद केली: जिवाणू आणि परोपजीवी सतत हल्ला करत असताना एखाद्या प्रजातीतील सगळ्यांची शरीररसायने सारखी असणे धोक्याचे, वेगवेगळी असणे सोयीचे.

त्यांच्या हाती तेव्हा रुग्णांच्या नमुन्यांचा पुरावा नव्हता. तो आला अँथनी अ‍ॅलिसन या तरुण डॉक्टरकडून, तोही स्वतंत्र वाटेने. पूर्व आफ्रिकेत फिरून त्यांनी १९५४ मध्ये दाखवून दिले की सिकलसेलच्या वाहकांना हिवतापापासून संरक्षण मिळते. त्याच्या दोनच वर्षे आधी, १९५२ मध्ये, हर्मन लेमन आणि मेरी कटबुश यांना निलगिरीतील आदिवासींच्या रक्तात सिकलसेल सापडले होते. आपल्याकडे विदर्भातील आणि मध्य भारतातील आदिवासी पट्ट्यात या आजाराने घरेच्या घरे त्रासली आहेत. जंगल, डास आणि हिवताप यांच्यासोबत शेकडो पिढ्या काढल्याची ती खूण आहे.

आता गोळीकडे परत येऊ. प्रायमाक्विनची चाचणी अमेरिकेत इलिनॉय राज्यातील तुरुंगात कैद्यांवर झाली. आजच्या नीतिनियमांत हे बसत नाही आणि त्याबद्दल हळहळ वाटावी असेच ते होते. काही कृष्णवर्णीय कैद्यांच्या तांबड्या पेशी औषधाने फुटल्या. १९५६ मध्ये कारण सापडले: त्यांच्या पेशींत जी-सिक्स-पीडी नावाचे एन्झाइम कमी होते. तांबडी पेशी दिवसरात्र प्राणवायू वाहते, म्हणून तिला गंजण्यापासून वाचवणारी व्यवस्था लागते. ती व्यवस्था चालू ठेवण्याचे काम हे एन्झाइम करते. एरवी थोड्यावर भागते. प्रायमाक्विनपासून शरीरात जी द्रव्ये तयार होतात ती पेशीवर एकदम मोठा ताण आणतात, आणि मग अपुरे एन्झाइम असलेली पेशी फुटते. काही वर्षांतच या उणिवेचा नकाशाही हिवतापाच्या नकाशाशी जुळतो, हे शास्त्रज्ञांच्या लक्षात आले. हाल्डेन यांचा तर्क इथेही लागू पडला. नेमके कोणत्या वाहकांना किती संरक्षण मिळते, यावर वाद आहेत.

यात एक क्रूर विनोद दडला आहे. हिवतापाने ज्या समाजांत हे जनुक टिकवून धरले, त्याच समाजांत हिवतापाचे औषध सर्वाधिक लागते आणि तेच औषध तिथे सर्वाधिक जपून द्यावे लागते.

१९५७ मध्ये हाल्डेन पत्नी हेलन स्परवे यांच्यासह भारतात आले. सुएझ प्रकरणातील ब्रिटिश सरकारच्या वागणुकीचा रागही त्यामागे होता. कोलकात्यात प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या सांख्यिकी संस्थेत ते रुजू झाले, शाकाहारी झाले, कुर्ता घालू लागले, मोजे सोडून दिले. महागड्या यंत्रांवाचून करता येईल असे विज्ञान त्यांनी तरुणांना शिकवले: फुलांच्या पाकळ्या मोजा, नारळाच्या झावळ्यांची वळणे पाहा, गावातली नात्यातली लग्ने नोंदवा. स्वभाव तापट. महालनोबिस यांच्याशी बिनसले, संस्था सोडली. १९६२ मध्ये ओडिशाचे तेव्हाचे मुख्यमंत्री बिजू पटनाईक यांच्या आमंत्रणावरून ते भुवनेश्वरला गेले आणि तिथे त्यांनी प्रयोगशाळा उभारली.

त्यांना देव्हाऱ्यात बसवायचे कारण नाही. साम्यवादावरील निष्ठेपायी, लायसेन्कोने सोव्हिएत रशियात आनुवंशशास्त्राचा गळा घोटला तेव्हा त्यांनी स्पष्ट निषेध करायला फार वेळ लावला. तिथले चांगले शास्त्रज्ञ तुरुंगात सडत होते, हे ध्यानात घेतले तर तो विलंब माफ करणे अवघड जाते. मात्र वंशश्रेष्ठत्वाच्या कल्पनांविरुद्ध ते हिटलरच्या काळातच ठामपणे लिहीत होते.

गुदाशयाच्या कर्करोगाने १ डिसेंबर १९६४ रोजी भुवनेश्वरला त्यांचे निधन झाले. आजारावरही त्यांनी विनोदी कविता लिहिली होती. वेळीच डॉक्टरकडे जा, हे लोकांना कळावे म्हणून. देह काकीनाड्याच्या रंगराय वैद्यकीय महाविद्यालयाला दिला गेला.

जी-सिक्स-पीडीची एक नवी जात १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली. तिचे नाव ओरिसा. भारतातील आदिवासींमध्ये आढळणाऱ्या उणिवेला बहुतांशी तीच कारणीभूत असल्याचे दिसले, तर शहरी लोकांत भूमध्य सागरी प्रदेशाच्या नावाने ओळखली जाणारी वेगळी जात अधिक होती. त्याआधी १९८४ मध्ये एका कोळी कुटुंबात सापडलेल्या जातीला कल्याणचे नाव मिळाले होते. म्हणजे ‘आदिवासींना ही गोळी चालत नाही’ असे सरसकट म्हणणे चूक. शेजारशेजारच्या दोन जमातींत प्रमाण वेगळे असू शकते, आणि एका घरात एका भावाला उणीव असते, दुसऱ्याला नसते. हे जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने पुरुषांत निकाल सरळ येतो. स्त्रियांत काही पेशी चांगल्या, काही कमकुवत असे मिश्रण असू शकते आणि झटपट तपासणीत ते निसटते.

शिवाय प्रायमाक्विनला कामाला लावणारे एक एन्झाइम यकृतात असते. ते ज्यांच्यात मंद असते, त्यांना सगळ्या गोळ्या घेऊनही ताप उलटतो, हे २०१३ मध्ये पुढे आले. अशा रुग्णाला ‘तू गोळ्या टाकल्या असशील’ म्हणून बोल लावला जातो, आणि बिचाऱ्याने एकही चुकवलेली नसते.

तपासणीत उणीव निघाली तर १४ दिवसांऐवजी आठवड्यातून एकदा, असे ८ आठवडे, डॉक्टरांच्या देखरेखीखाली प्रायमाक्विन देण्याची पद्धत आहे. गर्भवतीला ही गोळी देत नाहीत. तपासणीची सोय जिथे नाही तिथे आरोग्यसेविकेने रोज एक प्रश्न विचारायचा असतो: लघवीचा रंग कसा आहे? गडद म्हटले की गोळी त्याच दिवशी बंद, आणि रुग्ण दवाखान्यात.