शेताच्या बांधापर्यंत आलेले अंतराळ

शिरूर किंवा दौंड तालुक्यात शेताच्या हद्दीची तक्रार निघाली, की हल्ली साखळीऐवजी रोव्हर नावाचे यंत्र घेऊन मोजणी होते. हे यंत्र आपली जागा ठरवते ती दिशादर्शक उपग्रहांच्या आधारे, आणि अशा उपग्रहांची सर्वांत प्रचलित माळ अमेरिकी लष्कराची आहे. त्या माळेतील एक उपग्रह १७ जून २०२१ रोजी, पूर्वी एकदा उडून परत आलेल्या अग्निबाणाच्या टप्प्यावरून सोडण्यात आला. लष्कराने वापरलेल्या अग्निबाणावर भरवसा टाकण्याचा हा प्रसंग वाचताना डॉ. विक्रम साराभाई यांचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही.

अहमदाबादच्या गिरणीमालक घराण्यात १२ ऑगस्ट १९१९ रोजी जन्मलेल्या या माणसाला सुखाने पेढी सांभाळता आली असती. महायुद्धामुळे केंब्रिजहून परतावे लागले, तेव्हा त्यांनी बंगलोरला रामन यांच्या हाताखाली विश्वकिरणांचा अभ्यास धरला. १९४७ मध्ये डॉक्टरेट मिळवून त्याच वर्षी त्यांनी अहमदाबादेत भौतिकी संशोधन प्रयोगशाळा उभी केली. पुढे चुंबकीय विषुववृत्तालगतचे थुंबा हे मच्छीमारांचे गाव त्यांनी हेरले. तेथील चर्चची वास्तू कार्यशाळा बनली, अग्निबाणाचे भाग सायकलवरून नेले गेले आणि २१ नोव्हेंबर १९६३ रोजी पहिला अग्निबाण उडाला. तो अमेरिकी बनावटीचा होता. पण परक्याच्या साधनावर शिकावे आणि स्वतःचे घडवावे, हीच त्यांची रीत होती.

१९६६ मध्ये भाभांच्या अपघाती मृत्यूनंतर अणुऊर्जा आयोगाची धुरा त्यांच्याकडे आली. अणुबाँब करावा असे त्यांचे मत नव्हते, आणि त्याबद्दल त्यांना बोलही लागले. अंतराळातून शाळा, शेती व हवामान यांची कामे व्हावीत, हा त्यांचा ध्यास. १९७१ मध्ये याच पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ आर्वीचे उपग्रह-दळणवळण केंद्र सुरू झाले. त्याला पुढे त्यांचेच नाव मिळाले. त्याच वर्षी ३० डिसेंबरला कोवळम येथे, वयाच्या अवघ्या ५२ व्या वर्षी, ते गेले. पहिला भारतीय उपग्रह पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

त्यांच्या संस्थेनेच १९९९ च्या कारगिल संघर्षानंतर स्वदेशी दिशादर्शन प्रणाली हाती घेतली. 'नाविक'चा पहिला उपग्रह २०१३ मध्ये गेला. तिच्या दोन सेवा आहेत: एक सर्वांना खुली, दुसरी सांकेतिक, सैन्यासारख्या अधिकृत वापरणाऱ्यांसाठी. बाँबला नकार देणाऱ्याच्या वारशाशी ही प्रतारणा आहे असे आम्हांस वाटत नाही. आपली जागा आपणच मोजणे हे स्वावलंबनच होय. खंत वेगळी आहे. आयात केलेली अणुघड्याळे बंद पडली. स्वदेशी घड्याळ २०२३ मध्ये गेले खरे, पण जानेवारी २०२५ चा उपग्रह झडपा न उघडल्याने नियोजित कक्षेत पोहोचलाच नाही. परतीच्या यानाचे उतरण्याचे प्रयोगही अद्याप हेलिकॉप्टरमधून सोडूनच झाले आहेत.

अशा ओढाताणीत पहिला हप्ता सैन्याला मिळणार हे उघड आहे. खुल्या सेवेची हेळसांड मात्र होऊ नये, आणि सरकारी मोजणीच्या प्रत्येक नव्या यंत्रात 'नाविक'चा संदेश घेण्याची सोय असलीच पाहिजे, अशी अट महसूल खात्याने खरेदीच्या वेळीच घालावी.